छोट्या मोटरबोटीवर शेडनेटचे घडीचे छत

मे महिन्यात हतनूरच्या जलाशयात किंवा प्रकाशा गावाजवळ तापीच्या पात्रात उघड्या मोटरबोटीत दुपारी बसवत नाही, आणि ताडपत्री ताणली तर वारा तिच्यात भरून बोट एका अंगाला ओढली जाते. त्यापेक्षा रोपवाटिकेत वापरतात ते 75 टक्के सावलीचे हिरवे शेडनेट घ्यावे; ते ऊन बरेचसे अडवते आणि वारा पुष्कळसा आरपार जाऊ देते.

ॲल्युमिनियमच्या पाइपाच्या दोन कमानी वाकवून घ्याव्यात आणि दोन्हींचे पाय बोटीच्या काठावर मध्याजवळ बिजागरीने असे बसवावेत, की एक कमान पुढे व दुसरी मागे कलेल आणि पुढच्या-मागच्या दोऱ्या सोडताच दोन्ही एकत्र मिटतील. बिजागरीला नुसते स्क्रू पुरत नाहीत, ते धक्क्यांनी ढिले होतात. आरपार बोल्ट घालून आतून लोखंडी पट्टी व रुंद वॉशर लावावेत. नेटला थेट भोके पाडू नयेत, तर कड दुहेरी दुमडून तीत नायलॉनची दोरी शिवावी.

छत बसलेल्या माणसाच्या डोक्यावर वीतभरच असावे, कारण उंची वाढली की बोट जास्त डुलते. मागची कमान पक्की करण्यापूर्वी इंजिन सुरू करायची दोरी एकदा ओढून पाहावी. कोपर कमानीला लागता कामा नये.

दोऱ्यांना एका झटक्यात सुटणारी गाठ मारावी आणि पश्चिमेकडे आभाळ भरून येताच, किनारा जवळ असला तरी, छत मिटवून बांधून ठेवावे.