हिरवा त्रिकोण आणि पहिले पंधरा दिवस

कॅनडातल्या ऑंटारिओत नव्याने आलेल्या मुलामुलींचे फोन मला हमखास शनिवारी संध्याकाळी येतात. काम मिळवून देणाऱ्या एजन्सीचा मेसेज आलेला असतो : सोमवारी सकाळी सहाला वेअरहाऊसला हजर व्हा, सेफ्टी बूट घालून या. मग, "दादा, बूट कुठून घेऊ? वॉलमार्टमधले स्वस्तातले चालतील ना?"

चालतील. पण सोमवारी संध्याकाळी तुम्ही चालणार नाही, एवढंच. कामाचे बूट कामाच्या आदल्या दिवशी घ्यायचे नसतात. विमानातून उतरून सिम कार्ड, बँक खातं आणि जाड जॅकेट झालं की चौथी खरेदी बुटांची करा. काम मिळालं नसलं तरी करा. का ते सांगतो.

मी २००९ च्या जानेवारीत आलो तेव्हा शहाणपणा करून सांगलीहूनच बूट आणले होते. एमआयडीसीत फिटर होतो, त्यामुळे बूट म्हणजे काय ते आपल्याला कळतं असा समज. नवे कोरे, पुढे लोखंडी टोपी, आयएसआयचा शिक्का, सगळं व्यवस्थित. एजन्सीवाल्या बाईंनी फोनवर फक्त 'स्टील टो' एवढंच विचारलं होतं. पहिल्या दिवशी गेटवर सुपरवायझरने पाय वर करायला लावला, घोट्याशी बघितलं, बुटाची जीभ उलटून बघितली आणि मान हलवली. हिरवा त्रिकोण नाही. दोन बस बदलून दीड तासात आलेलो, तसाच दीड तासात परत. तो दिवस बुडाला, पैसेही बुडाले. एजन्सीने वर मलाच सुनावलं.

तर हा हिरवा त्रिकोण म्हणजे सीएसएचा, कॅनडाच्या मानक संस्थेचा शिक्का. बुटाच्या बाहेरच्या बाजूला घोट्यापाशी किंवा जिभेवर छोटासा शिवलेला असतो. त्याचा अर्थ दोन गोष्टी : पुढची टोपी १२५ ज्यूलचा आघात सोसते, आणि तळव्याखाली खिळा आरपार जाणार नाही असा पत्रा किंवा विणलेला थर आहे. १२५ ज्यूल म्हणजे पावणेतेरा किलोचं वजन एक मीटरवरून पायावर पडलं असं धरा. ऑंटारिओच्या बांधकाम नियमांतही हाच १२५ चा आकडा आहे. आपल्याकडच्या सेफ्टी बुटाची टोपी २०० ज्यूलला तपासतात, त्यामुळे माझे बूट कमी ताकदीचे नव्हते. पण गेटवरच्या माणसाला ज्यूल मोजायचे नसतात, त्रिकोण बघायचा असतो. पिवळा त्रिकोणही असतो, त्यात टोपी ९० ज्यूलची, म्हणून बांधकामावर चालत नाही. निळा चौकोन म्हणजे टोपी आहे, तळाचा पत्रा नाही. विजेच्या कामाला जाणार असाल तर पांढऱ्या पट्टीवर नारिंगी ओहमचं (Ω) चिन्ह असलेला बघा. इतरांनी सरळ हिरवा घ्यावा, बहुतेक ठिकाणी चालतो. भारतातून बूट आणून बॅगेतले अडीच किलो वाया घालवू नका. त्याऐवजी लोणचं आणा.

आता माप. बहुतेकजण इथेच फसतात. आपल्याकडे बाटाच्या दुकानात जो आठ नंबर मिळतो तो इंग्लंडच्या मापाचा. इथे पुरुषांच्या मापात तो साधारण नऊ होतो. बायकांचं माप आणखी वेगळं, दोन-अडीच नंबरांचा फरक पडतो, म्हणून तर्क करत बसू नका, दुकानात पाय मोजून घ्या. शिवाय इथे लांबीबरोबर रुंदीही असते आणि हे आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं. पुरुषांत नुसता डी म्हणजे नेहमीची रुंदी, दोन ई म्हणजे रुंद, चार ई म्हणजे फारच रुंद. जन्मभर चपला-सँडल घालून आपले पंजे पुढे छान पसरलेले असतात. मी स्वतः दोन ई घालतो. कितीतरी मुलं पंजा दाबतो म्हणून एक नंबर मोठा बूट घेतात. मग टाच मागे खेळत राहते आणि टाचेलाच फोड येतो. लांबी वाढवू नका, रुंदी मागा.

दुकानात संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. कामावर घालणार तेच जाड मोजे घालून जा. दोन्ही पायांत घाला, कारण एक पाय बहुधा जरा मोठा असतो. मग जिन्यावरून किंवा दुकानातल्या उतरत्या फळीवरून खाली चाला. उतरताना बोटं टोपीला टेकली तर तो बूट खाली ठेवा, सेल्समन काहीही म्हणो. तो म्हणेल, 'लेदर आहे, सैल पडेल.' चामडं सैल पडतं हो, लोखंड कसं पडणार? टोपीच्या आत जेवढी जागा पहिल्या दिवशी आहे तेवढीच शेवटच्या दिवशी असणार. करंगळी टोपीच्या कडेला घासत असेल तर ती दोन वर्षं घासत राहील. उलट, घोट्यापाशी कडक वाटणं, टाच किंचित उचलली जाणं, पंजा वाकतो तिथे बूट न वाकणं, या तक्रारी पंधरा दिवसांत मिटतात. कुठली कुरबुर मिटणारी आणि कुठली नाही, एवढं दुकानातच ओळखलंत तर निम्मं काम झालं.

पैशांचं म्हणाल तर बरे चामडी बूट दीडशे ते अडीचशे डॉलरला पडतात, वर १३ टक्के टॅक्स. सोल बदलून मिळणारे, कडेने शिवलेले त्याहून महाग. पहिल्या वर्षी त्यांची गरज नाही. जुन्या वस्तूंच्या दुकानातले वापरलेले बूट मात्र घेऊ नका. ते दुसऱ्याच्या पायावर बसलेले असतात आणि त्यांच्यावर आधी काय पडलं होतं ते तुम्हाला माहीत नसतं. कायम नोकरी लागली की एचआरला विचारा, बऱ्याच ठिकाणी वर्षाला बुटाचे पैसे मिळतात. आपण विचारायला लाजतो.

नवे बूट घरी आणले की पावती जपून ठेवा आणि पहिले दोन दिवस घरातच गालिच्यावर घाला, बुटाचा तळ स्वच्छ असला तर बहुधा परत करता येतात. संध्याकाळी तासभर, भांडी घासताना, फोडणी टाकताना, घरी व्हिडिओ कॉल करताना. आई विचारेल घरात बूट का घातलेस, तिला खरं कारण सांगा. मग तीन-चार दिवस किराणा आणायला, बसस्टॉपपर्यंत. दुसऱ्या आठवड्यात कामावर. घालताना नाडी बांधण्याआधी टाच जमिनीवर दोनदा आपटून मागे घट्ट बसवायची, मग पंजावर नाडी जरा सैल आणि घोट्याच्या वळणावर दोन वेढे देऊन घट्ट. पाय पुढे सरकला नाही तर निम्मे फोड येतच नाहीत.

कोल्हापुरी वापरलेल्यांना हे नवीन नाही. नवी चप्पल चावते म्हणून आजोबा रात्री तिला तेल पाजून ठेवायचे आणि पहिले आठ दिवस फक्त देवळापर्यंत घालायचे. बुटाचंही तसंच. फरक एवढाच की बुटाला तेल पाजायची घाई करायची नाही. त्यावर पुढे बोलतो. यूट्यूबवर कुणी गरम पाण्यात बुडवून घाला म्हणेल, कुणी हेअर ड्रायर मारा म्हणेल. मारू नका. चालण्याला पर्याय नाही.

टाचेला ऊन लागल्यासारखं वाटायला लागलं की तिथेच थांबा. फोड येण्याआधीची ती सूचना असते. लगेच कापडी चिकटपट्टी लावा, ब्रेकपर्यंत थांबू नका. फोड आलाच तर फोडू नका, झाकून ठेवा. आणि ज्यांना साखरेचा त्रास आहे, आपल्यात तो घरटी एकाला असतोच, त्यांनी रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात बघाव्यात. बधिर पायाला बूट चावलेला कळत नाही.

हिवाळ्याचा विषय मात्र सविस्तर सांगायला हवा, कारण माझी पहिली दोनशे डॉलरची जोडी मी स्वतःच्या हाताने घालवली. फेब्रुवारीत रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. दिवसभर त्या राखाडी चिखलातून चाललं की रात्री बूट वाळल्यावर पंज्याभोवती पांढऱ्या लाटा उमटतात, आपल्याकडे घामाने शर्टावर उमटतात तशा. मी तळघरात राहत होतो. बूट चिंब झालेले, सकाळी पाचला परत निघायचं. गरम हवा येते त्या जमिनीतल्या जाळीवर दोन्ही बूट पालथे घातले आणि झोपलो. सकाळी ते कोरडे खडखडीत झाले होते. पाय घालून पहिलं पाऊल वाकवलं तेव्हा पापड मोडल्यासारखा आवाज आला. पंजा वाकतो त्या रेषेत चामडं आडवं तडकलं होतं. आठवड्याभरात डाव्या बुटाचा सोलही पुढून उघडला, कारण त्या उष्णतेने सोल चिकटवणारा गोंदही मऊ पडला होता. तिथून पुढे रोज त्या चिरेतून पाणी आत. पहिल्या पगारातून नवी जोडी.

त्यामुळे आता घरी आल्यावर पहिलं काम हेच : ओल्या फडक्याने बूट पुसायचे, शिवणीतलं मीठ जुन्या टूथब्रशने काढायचं. त्याच रात्री, उद्या नाही. पांढरे डाग राहिलेच तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून हलक्या हाताने पुसायचं आणि मग साध्या पाण्याचं फडकं फिरवायचं. आतली गादी बाहेर काढायची, नाड्या सैल करून जीभ पुढे ओढायची आणि आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे. तासाभराने ते ओले झाले की बदलायचे. दारामागे वारं फिरतं तिथे ठेवायचे, हीटरपासून हातभर लांब. आणि शक्य झालं की दुसरी जोडी घ्या. एक दिवस ही, एक दिवस ती. दोन जोड्या अशा वापरल्या तर एकेकीपेक्षा खूप जास्त चालतात, हा माझा अनुभव आहे. घामाने ओला बूट एका रात्रीत आतून वाळत नाही.

आता तेल. पुष्कळजण बॅगेतली खोबरेलाची बाटली काढतात. नका. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. जानेवारीत बाहेर पाऊल टाकलंत की ते चामड्याच्या पोटात पांढरं होऊन बसतं. घरात येताच पुन्हा पातळ होऊन डाग पसरवतं. एरंडेल, सरसू वगैरेही स्वयंपाकघरातच राहू द्या. इथे मेणाचं, म्हणजे मधमाश्यांच्या मेणाचं मलम डब्यात मिळतं, ते घ्या. बूट स्वच्छ आणि पूर्ण कोरडे असले पाहिजेत. बोटाने घ्या, फडक्याने नाही. बोटाच्या उबेने मलम मऊ होतं आणि शिवणीत नीट जातं. अगदी पातळ थर, रात्रभर तसाच, सकाळी ब्रश. हिवाळ्यात महिन्या-दीड महिन्याने, उन्हाळ्यात एकदा बस्स. एका पोराने दर रविवारी मलम चोपडून बूट एवढे मऊ केले की घोट्याला आधारच उरला नाही. मखमलीसारख्या लवदार चामड्याच्या (स्वेडच्या) बुटाला मेण लावलंत तर तो काळपट होतो आणि त्याची लव चपटी बसते, त्याच्यासाठी वेगळा फवारा मिळतो. काळं पॉलिश लग्नाला जाताना लावा.

थंडीबद्दल एक उलटा सल्ला : पाय गारठतात म्हणून दोन मोजे कोंबू नका. बूट आवळला की रक्त फिरत नाही आणि बोटं आणखी गारठतात. लोकरीचा एकच जाड मोजा. सुती मोजा घामाने ओला होतो आणि ओलाच राहतो. वजा वीसमध्ये बाहेर उभं राहायचं काम असेल तर लोखंडी टोपीऐवजी कंपोझिट, म्हणजे धातू नसलेली टोपी घ्या. त्रिकोण तोच मिळतो, आणि ती लोखंडासारखी पटकन गार पडत नाही. आणि बूट रात्री गाडीच्या डिकीत ठेवू नका. सकाळी ते घालणं म्हणजे फ्रीझरमध्ये पाय घालणं.

बूट कधी टाकायचे? पुढचं चामडं झिजून टोपीचं लोखंड चमकायला लागलं की कंपनी आत घेणार नाही. सोलवरच्या खाचा गुळगुळीत झाल्या की बर्फावर तुम्ही सपाट पडाल. आणि टोपीवर काही जड पडलं असेल, समजा पॅलेटचा, म्हणजे माल रचायच्या लाकडी चौकटीचा कोपरा, तर वरून ओरखडाही नसला तरी ती जोडी कामातून काढायची. टोपी एकदा मार खाण्यासाठी असते. अशी जुनी जोडी मी दारातला बर्फ काढायला ठेवतो.

शेवटचं, जिभेच्या आत पक्क्या मार्करने नाव घाला. कामावरच्या लॉकर रूममध्ये तर हवंच, पण मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमातही. मागच्या वर्षी हॉलच्या दाराशी एकसारख्या पिवळट बुटांचा ढीग होता, आणि तिळगूळ घेऊन मी घरी आलो तो डावा माझा आणि उजवा कुणाचा तरी साडेदहा नंबरचा घालून. तो माणूस कुठे भेटला तर सांगा, त्याचा बूट माझ्याकडे आहे, मेण लावून ठेवलाय.