एका फिनचा सर्फबोर्ड दोन फिनांचा कसा करावा

कोल्हापूरला समुद्र नाही, हे ऐकवणारे खूप भेटतात. पण उद्यमनगर आहे, कारखान्यांची वसाहत. लाकडात खाचा पाडणारं राऊटर यंत्र, फायबर, ओतकामाचे लाकडी पॅटर्न करणारे हात, सगळं दोन-चार गल्ल्यांत. बोर्डाची शेपटी कापायचीच असेल तर अंबा घाट उतरून कोकणात जाण्याआधी इथंच कापलेली बरी.

आधी बोर्ड त्या लायकीचा आहे का ते बघा. फिन म्हणजे बोर्डाच्या तळाला शेपटीकडं उभं बसवलेलं, माशाच्या परासारखं पातं. मधला एकच उंच फिन बोर्डाला सरळ आणि शांत ठेवतो, वळायला मात्र वेळ लावतो. दोन फिन कडांजवळ बसतात. बोर्ड कुशीवर घेतला की त्या बाजूचा फिन लगेच पाणी धरतो, आणि मध्ये अडवायला काही नसल्यानं मऊ, बारक्या लाटेवरही बोर्ड सुटतो. मार्क रिचर्ड्सनं १९७९ ते १९८२ सलग चार जगज्जेतेपदं जिंकली ती दोन फिनांच्या बोर्डांच्या जोरावर. तरी तुमचा बोर्ड ९ फुटी असेल किंवा शेपटी अरुंद, टोकदार असेल तर कापू नका. दोन फिनांना शेपटीत रुंदी लागते. साधारण साडेपाच ते साडेसहा फुटांचा, मागं रुंद असलेला बोर्ड या कामाला योग्य.

मग आतला फोम ओळखा. कुठं टवका गेला असेल तिथं नखानं खरवडून बघा. साबुदाण्यासारखे दाणे सुटले तर आत थर्माकोलच्या जातीचा फोम आहे, आणि पॉलिएस्टर रेझिन (रेझिन म्हणजे काचेच्या कापडाला कडक करणारा चिकट द्रव) तो चक्क खाऊन टाकतं. दुकानात नुसतं 'फायबरचं रेझिन द्या' म्हणालात तर बहुतेक वेळा पॉलिएस्टरच हातात येतं. त्यामुळं नाव घेऊन इपॉक्सी मागा; ते थर्माकोलच्या जातीच्या आणि पॉलियुरेथेनच्या, दोन्ही फोमवर चालतं. पॉलिएस्टर घेतलंच, तर सोबत कोबाल्ट आणि हार्डनर अशा दोन बाटल्या मिळतात. त्या दोन्हींचे थेंब कधीही एकमेकांत थेट मिसळू नका, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट कालवायचं, हार्डनर त्यानंतर. काचेचं कापड चौरस मीटरला २०० ग्रॅमच्या आसपासचं, विणलेलं घ्या. पाण्याच्या टाक्यांना वापरतात ते न विणलेलं मॅट नको, उगाच वजन वाढतं.

आता खरं काम, म्हणजे आखणी. कापायला एक तास पुरतो, आखायला मला दोन संध्याकाळी लागल्या, आणि त्या लागू द्याव्यात. मेण काढून बोर्ड पालथा टाका. ६ फुटांच्या आसपासच्या बोर्डाला फिनची मागची कड शेपटीच्या टोकापासून ७ ते ८ इंचांवर आणि बाहेरच्या काठापासून सव्वा इंच आत धरा. फिन जितके मागं तितका बोर्ड स्थिर, जितके पुढं तितका चपळ. पहिल्यांदा करताय तर मागंच ठेवा. फिनचं पुढचं टोक मागच्यापेक्षा एक ते दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) मध्यरेषेकडं हवं, म्हणजे दोन्ही फिन किंचित नाकाकडं रोखलेले दिसतात. दोन सुतांच्या वर गेलात तर बोर्ड पाणी ढकलत बसतो.

मध्यरेषा म्हणजे मधली लाकडी पट्टी, असं मीही धरून चाललो होतो. साचा करून घ्यायला बोर्ड उद्यमनगरातल्या एका पॅटर्नवाल्या मामांकडं नेला. त्यांनी वर-खाली बघितलं.

"काय वो हे? इस्त्रीचं टेबल काय?"

समुद्रात चालवायचं आहे म्हटल्यावर काही बोलले नाहीत. कानावरची पेन्सिल काढली, गुण्या लावला, दोन्ही काठांपासून माप घेतलं आणि म्हणाले, "पट्टी मधी न्हाई. दीड सूत डावीकडं हाय." हे माप माझ्या हातून सुटलं असतं, आणि बोर्ड आयुष्यभर एका बाजूला ओढत राहिला असता. तेव्हा नाकाच्या आणि शेपटीच्या खऱ्या मध्यावरून दोरा ताणा आणि सगळी मापं त्या दोऱ्यापासून घ्या. शेवटी दोऱ्यावर नाकाकडं एक खूण करून तिथून दोन्ही फिनांच्या टोकांपर्यंत तिरकं अंतर मोजा. डावं-उजवं सारखं आलं तरच पुढं जा. पुठ्ठ्याचे फिन चिकटवून नाकाकडून एक डोळा मिटून बघा. चूक असेल तर इथंच दिसते.

बॉक्स म्हणजे बोर्डात खड्डा करून बसवायची, फिन धरून ठेवणारी खाचेची पेटी. साचा १२ मिमी प्लायवूडचा, बॉक्सच्या बाहेरच्या आकाराचा. दुपदरी टेपनं बोर्डावर घट्ट बसवा आणि राऊटरच्या बेअरिंगवाल्या बिटनं दोन-तीन टप्प्यांत खोली घ्या. त्याआधी शेपटीची जाडी बॉक्सच्या खोलीशी ताडून बघा, नाहीतर बिट वरच्या बाजूनं बाहेर येईल. काचेची भुकटी फुप्फुसात जाते, म्हणून मास्क, चष्मा आणि लांब बाह्या.

बॉक्स बसवताना त्याची खाच आणि स्क्रूचं भोक टेपनं बंद करा. इपॉक्सीत थोडे बारीक काचतंतू कालवून खड्ड्यात भरा, बॉक्स दाबा, बाहेर आलेलं पुसून घ्या. फिन लावून कल तपासा. फ्यूचर्स कंपनीच्या पद्धतीच्या फिनमध्ये बाहेरचा कल फिनमध्येच दिलेला असतो, बॉक्स तळाला काटकोनातच ठेवायचा. फिनचं सपाट अंग आत, फुगीर बाहेर. रेझिन कालवताना एका वेळी थोडंच घ्या. मी एप्रिलच्या दुपारी वाटीभर एकदम कालवलं. दहा मिनिटांत वाटी धुरावली आणि आतला ऐवज दगड झाला. पावसाळ्यात उलटी तऱ्हा, इपॉक्सीवर चिकट साय धरते. ती पाण्यानं धुतल्याशिवाय घासू नका.

दुसऱ्या दिवशी बॉक्सवरून कापडाचे दोन थर द्या, खालचा लहान, वरचा त्याहून इंचभर मोठा. सुकल्यावर ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं सुरुवात करून २२० वर थांबा आणि खाच ब्लेडनं मोकळी करा. बोर्ड आठवडाभर सावलीत ठेवा.

मधला जुना बॉक्स बुजवायची घाई नको. काचेच्या कापडानं बोर्डालाच चिकटवलेला फिन असता तर गोष्ट वेगळी, पण बॉक्स असेल तर तो तसाच राहू द्या. दोन फिनांवर बोर्ड फार घसरतोय असं वाटलं तर तिथं तीन-साडेतीन इंचांचा छोटा फिन लावता येतो, आणि मन बदललं तर जुना मोठा फिन आहेच.

स्क्रूंना ३/३२ इंचाची ॲलन की लागते. आपल्याकडच्या मिमीच्या संचातली अडीचची बसत नाही आणि दोनची आत नुसती फिरून स्क्रूचं डोकं खाते. इंची संच शोधून दोन घ्या, एक बोर्डाच्या पिशवीतच बांधून ठेवा. गणपतीपुळ्याच्या वाळूत ती कुणाकडं मागणार?