आयसीयूचा डॉक्टर व्हायचंय? बेळगाव-खानापूरकडच्या पोरापोरींसाठी

एमबीबीएस संपवून एमडीच्या वाटेवर असलेली आमच्याकडची पोरं भेटली की हल्ली एकच विचारतात, दादा क्रिटिकल केअर, म्हणजे आयसीयूची ब्रँच, घेऊ का, पुढं स्कोप राहील का, का सगळं मशीन आणि एआयच करणार. घ्या की, बिनधास्त घ्या. पण आपल्या भागात राहून हे काम करायचं असेल तर तयारी थोडी वेगळी लागते.

रस्ता सरळ आहे. अनेस्थेशिया, मेडिसिन किंवा चेस्टमध्ये एमडी नाहीतर त्याच तोडीचं डीएनबी, मग नीट एसएस ही सुपरस्पेशालिटीची प्रवेश परीक्षा देऊन ३ वर्षांचं डीएम किंवा त्याच्याच तोडीचं डीआरएनबी. ते नाही जमलं तर १९९३ ला स्थापन झालेल्या इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिनचे कोर्स आहेत. एमडी कशात करू यावर महिनाभर डोकं खाऊ नका, अनेस्थेशियावाल्याचा हात एअरवेवर, म्हणजे श्वासाची वाट मोकळी ठेवण्यावर, बसलेला असतो, मेडिसिनवाल्याला निदान लवकर सुचतं, आपल्यात जे कमी आहे ते दुसऱ्याच्या ड्यूटीला उभं राहून शिकायचं.

आता मशीनचं. ही ब्रँच सुरू झाली तीच मशीन कमी पडलं तेव्हा. १९५२ ला कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, श्वास थांबलेले पेशंट ढीगभर आणि मशीन मोजकीच, तेव्हा ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानं गळ्यात छेद देऊन नळी घातली आणि शेकडो मेडिकलच्या विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हातानं बॅग दाबत लोक जगवले. पुढच्याच वर्षी त्यानं तिथं आयसीयू उभं केलं. म्हणून माझं म्हणणं, आधी बॅग-मास्क, म्हणजे तोंडावर मास्क धरून हातानं बॅग दाबत श्वास देणं, नीट शिका, एकट्यानं पण आणि दोघांनी मिळून पण.

आपल्याकडं याचा उपयोग कुठं होतो तर मण्यार चावल्यावर. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात पावसाळ्यात खाली झोपलेल्या माणसाला रात्री चावते, दुखत नाही, सुजत नाही, पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठतो, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि मग श्वासच बसतो. एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, द्यायचंच, जितकं लवकर तितकं बरं, पण एकदा नसांची टोकं बिघडली की ते औषध त्यांना परत आणत नाही, टोकं पुन्हा तयार होईपर्यंत काही दिवस श्वास आपण द्यायचा. हा पेशंट अजिबात हलत नाही, बाहुल्या मोठ्या होऊन थांबलेल्या असतात, नवखा डॉक्टर संपलं म्हणून मोकळा होतो, आणि त्या माणसाला आतून सगळं ऐकू येत असू शकतं! त्याच्याशी बोला, झोपेचं औषध चालू ठेवा आणि नातेवाईकांना सांगा की हा चालत घरी जाऊ शकतो. मी असे गेलेले बघितलेत.

दुसरं म्हणजे औषध प्यालेले, उसाच्या आणि तंबाखूच्या रानातल्या फवारणीचं. अॅट्रोपिन या उताऱ्यानं छाती मोकळी झाली की सगळे निवांत होतात, पण खरी भीती विष प्यायल्यापासून साधारण २४ ते ९६ तासांत असते, तेव्हा मानेचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात. रोज दोनदा पेशंटला म्हणायचं, मान उशीवरनं उचला बघू. उचलता येईना झाली की नळीची तयारी करायची, श्वास थांबायची वाट बघत बसायचं नाही.

खिशात मोजपट्टी ठेवा, खरंच सांगतोय. व्हेंटिलेटरवर किती हवा द्यायची हे खाटेवरच्या वजनावर नाही, उंचीवर ठरतं. १६५ सेंटीमीटरच्या पुरुषाचं धरायचं वजन साधारण ६१ किलो येतं, मग तो प्रत्यक्षात ९० किलोचा का असेना, एआरडीएसमध्ये, म्हणजे फुप्फुसं सुजून पाण्यानं भरतात तेव्हा, एका श्वासाला किलोमागं ६ मिली म्हणजे ३७० च्या आसपास. २००० साली अमेरिकेतल्या मोठ्या ट्रायलमध्ये १२ ऐवजी ६ मिली देऊन मृत्यू साधारण ४० टक्क्यांवरनं ३१ वर आले, नवीन औषध काही नव्हतं त्यात.

पुढच्या काळाचं मला जे दिसतं ते असं, की आयसीयू बेळगावच्या मोठ्या हॉस्पिटलच्या मजल्यावर थांबणार नाही, ते खानापूर, निपाणी, चंदगडपर्यंत जाणार. टेली-आयसीयू वाढेल, तिकडचा डॉक्टर व्हिडिओवर मॉनिटर दाखवेल आणि तुम्ही इकडनं सांगाल. म्हणून पॉकस, म्हणजे खाटेजवळच करायची सोनोग्राफी, आत्ताच शिका आणि पेशंट हलवायचं शिका, अॅम्ब्युलन्सच्या सिलिंडरमध्ये किती ऑक्सिजन आहे, रस्ता किती वेळाचा आहे, हा हिशोब निघायच्या आधी. मी ज्युनियर असताना एकदा वाटेत सिलिंडर संपला होता, कुणी मोजलाच नव्हता, ती रात्र विसरता येत नाही.

भाषेवर मेहनत घ्या. चंदगड-खानापूरचा पेशंट मराठी, गोकाक-बैलहोंगलचा कन्नड, आणि घाबरलेल्या माणसाला त्याच्या भाषेतच कळतं. बाहेर राजकारण काय ते असू दे, आत मात्र वाईट बातमी दोन्ही भाषांत नीट देता आली पाहिजे. व्हेंटिलेटर थांबवायचा विषय पण टाळू नका. सुप्रीम कोर्टानं २०१८ ला लिव्हिंग विल, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं, मान्य केलं, २०२३ ला प्रक्रिया सोपी केली, आणि कर्नाटक सरकारनं जानेवारी २०२५ ला त्याबद्दल आदेश काढला, डॉक्टरांची दोन बोर्डं बसतात. कागद नीट वाचून ठेवा, कारण आज बरीच घरं जमीन गहाण टाकून, सगळं संपल्यावर, सही करून पेशंट घरी नेतात, तेही वाटेत तळमळत. हे मला सहन होत नाही.

आणि घरी गेलेल्याला सोडू नका. महिनाभरानं बोलवा, जिना चढता येतो का, झोप लागते का, रात्री घाबरून उठतो का, हिशोब जमतो का ते विचारा. बायकोला वेगळं विचारा, तो स्वतः सगळं बरंय म्हणूनच सांगतो.