बेस टॅग टाकण्याआधी हे वाचा, आणि हॅशवाल्या लिंका तपासल्याशिवाय तर तो मुळीच टाकू नका

एका मंडळाच्या दिवाळी अंकाचं संकेतस्थळ आतल्या फोल्डरमध्ये हलवताना मी सगळ्या पानांत एक बेस टॅग टाकला, म्हणजे पानातले अर्धवट पत्ते कुठून धरायचे हे ब्राउझरला सांगणारी एचटीएमएलची ओळ. एचरेफमध्ये (href) नव्या फोल्डरचा पत्ता, टार्गेटमध्ये (target) ब्लँक, म्हणजे लिंका नव्या टॅबमध्ये उघड. मुखपृष्ठ उघडून पाहिलं, सगळं चालत होतं, झोपलो. सकाळी फोनवर फोन: कथेच्या पानावर ‘भाग दुसरा’ दाबलं की मुखपृष्ठ उघडतं, तेही दर वेळी नव्या टॅबमध्ये. म्हणून हे लिहितोय.

टॅग हेडमध्ये, हे सांगायला नको. पण स्टाइलशीट आणि स्क्रिप्टच्या वर. पानात एकच. दोन झाले तर पहिला एचरेफ धरला जातो, दुसऱ्याकडे ब्राउझर ढुंकूनही बघत नाही. तेव्हा टेम्प्लेटमध्ये कुणी आधीच टाकून ठेवलाय का, ते शोधा.

पत्त्याच्या शेवटी स्लॅश. ‘/अंक/दिवाळी’ एवढंच लिहिलंत तर ‘दिवाळी’ला फाइल समजून ब्राउझर ती गाळतो आणि चित्रं ‘/अंक/’मध्ये शोधत बसतो.

आता हॅश, म्हणजे # हे चिन्ह. नुसत्या हॅशने सुरू होणारी लिंक ‘याच पानावर खाली जा’ म्हणते, असं आपण धरून चालतो. बेस आला की तसं राहत नाही. ती लिंकही बेसच्या पत्त्याला जोडली जाते, आणि बेसमधला फोल्डरचा पत्ता उघडला की येतं मुखपृष्ठ. मुखपृष्ठावर तपासलंत तर ती बरोबर जागीच नेणार, कारण पत्ता तोच! मी तिथेच फसलो. आतलं पान उघडा, तिथली हॅशची लिंक दाबा. प्रत्येक हॅशच्या आधी त्या पानाच्या फाइलचं नाव लिहा. टार्गेट ब्लँक ठेवलं असेल तर या लिंकांना वेगळं सेल्फ द्या, म्हणजे त्याच टॅबमध्ये उघडतील. ‘वर जा’चं बटण विसरू नका, तेही हॅशच असतं.

टार्गेट फॉर्मलाही लागू होतं. शोधाचे निकाल नव्या टॅबमध्ये उघडायला लागले तर दचकू नका. खरं तर सरसकट ब्लँक नकोच, वाचक वैतागतात.

बाकी भराभर. स्लॅशने सुरू होणाऱ्या लिंकांना बेसमधला फोल्डर जोडला जात नाही. वेगळ्या सीएसएस फाइलमधली चित्रं त्या फाइलच्या जागेवरून शोधली जातात. ओपन ग्राफच्या चित्राला (लिंक शेअर केल्यावर दिसतं ते) पूर्ण पत्ता द्या. सीएसपी (पानात काय चालू द्यायचं याचे सुरक्षेचे नियम) असेल तर त्यातलं बेस-यूआरआय, म्हणजे कोणता बेस चालेल ते, बघा. आणि हॅश, आतल्या पानावरून. मोबाइलवरही.