बॅग खांद्यावर की पुश कार्टवर? आधी वजनकाट्यावर ठेवा

चालत गोल्फ खेळणाऱ्यांमध्ये दोन पार्ट्या आहेत. एक म्हणते बॅग खांद्यावर टाकली की कसं मोकळं वाटतं, कुठूनही जाता येतं, आणि दुसरी म्हणते कशाला उगाच पाठ धरून बसायची, चाकं कशासाठी शोधलीत मग. मी दोन्हीकडे बरीच वर्षं काढलीयेत. माझं मत विचाराल तर १८ होल काठ्यांचा पूर्ण सेट घेऊन चालणार असाल तर पुश कार्ट (बॅग ठेवून हाताने ढकलायची चाकांची गाडी) घ्या, ९ होल किंवा अर्धा सेट असेल तर खांदा झिंदाबाद. पण हे माझं झालं, तुमचं तुम्ही ठरवा आणि ठरवायच्या आधी एकच काम करा, बॅगचं वजन करा.

सोपं आहे. घरात जो वजनकाटा असेल त्यावर आधी नुसते उभे राहा, मग खेळायला जाताना असते तश्शीच भरलेली बॅग खांद्याला लावून उभे राहा, जो फरक येईल ते तुमचं ओझं. आणि कृपा करून आधी बॅग साफ करून मग वजन करू नका, तसं केलं तर काय उपयोग. माझी साडेतेरा किलो भरली होती आणि मला वाटत होतं असेल नऊ-दहा.

एवढं वजन येतं कुठून बघा. १४ क्लब (गोल्फच्या काठ्या) म्हणजे साधारण पाच ते सहा किलो, ते काही कमी होत नाही. स्टँड बॅग (स्वतःच्या दोन पायांवर उभी राहणारी) रिकामी दोन-अडीच किलोची, मोठी कार्ट बॅग (चाकांवर ठेवायलाच केलेली) असेल तर तीनच्या वर. पाणी एक लिटर म्हणजे एक किलो. बॉल नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमचा, म्हणजे वीस बॉल ठेवलेत तर नऊशे ग्रॅमच्या वर गेलेच, आणि वीस बॉल लागत असतील तर प्रॉब्लेम बॅगचा नाहीये 😀. मग छत्री, रेन जॅकेट, रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र), पॉवरबँक, टॉवेल, तीन जुने कडक झालेले ग्लोव्ह, मूठमूठ टी (बॉल ठेवायच्या छोट्या खुंट्या). हे सगळं मिळून अजून दोन-तीन किलो कधी होतं कळतच नाही.

आता या बॅगबरोबर तुम्ही करता काय ते मोजा. १८ होलच्या राउंडमध्ये चालणं आठ ते दहा किलोमीटर सहज होतं, कारण स्कोअरकार्डवरचं अंतर सरळ रेषेतलं असतं आणि आपला बॉल काही सरळ जात नाही. पण चालणं एक वेळ ठीक आहे हो, खरी मेख आहे चढवण्या-उतरवण्यात. समजा तुम्ही ९० मारता, त्यातले ३५ पट (होलजवळच्या बारीक गवतावर, म्हणजे ग्रीनवर, मारायचे हलके शॉट) धरा, राहिले ५५ शॉट. प्रत्येक शॉटला बॅग खाली, मग परत खांद्यावर, वर प्रत्येक ग्रीनपाशी एकदा ठेवायची नि उचलायची, म्हणजे अजून १८. झाले सत्तरच्या वर. बारा किलोची बॅग सत्तर वेळा खांद्यावर चढवायची आणि मधल्या वेळात नाजूक हाताने चिप (ग्रीनजवळचा छोटा शॉट) मारायची अशी अपेक्षा असते आपली. १५व्या होलनंतर ड्राइव्ह (होलचा पहिला लांब शॉट) उजवीकडे का जायला लागतात याचं उत्तर मला स्विंगच्या व्हिडिओत नाही, या आकड्यात सापडलं.

यावर लोक म्हणतात, पण व्यायाम तरी होतो ना. होतो, पण कार्ट ढकलूनही होतो. अमेरिकेत डेन्व्हरला नील वोल्कोडॉफ या क्रीडा-संशोधकांनी २००८ मध्ये याच्यावर एक छोटा प्रयोग केला होता, ९ होलमध्ये बॅग उचलून सुमारे ७२१ कॅलरी जळल्या आणि पुश कार्टने ७१८. तीन कॅलरींचा फरक! मोटरच्या बग्गीत बसून खेळलं तरी ४११ गेल्या होत्या. आणि स्कोअर सगळ्यात चांगला पुश कार्टवाला आला, सरासरी ४०, तर उचलून ४५ (गोल्फमध्ये कमी तो चांगला). आता यात माणसं होती फक्त आठ, त्यामुळे उद्यापासून तुमचे पाच शॉट कमी होतील असं समजून खरेदीला धावू नका, पण ‘उचललं तरच घाम गाळला’ हा जो एक समज आहे ना, तो तरी डोक्यातून काढा.

तरी उचलायचीच आहे? मस्त, मीही उचलतो कधीकधी, पण नीट उचला. एका पट्ट्यावर लटकवलेली बॅग म्हणजे एक खांदा वर, कंबर वाकडी, आणि आपण तसेच चार तास चालणार. दोन पट्ट्यांवालीच बॅग घ्या, आणि पट्टे ॲडजस्ट करा, दुकानातून आणल्यावर जसे होते तसेच बहुतेकांचे असतात. सरळ उभं राहिल्यावर बॅग कंबरेच्या जरा वर, पाठीला आडवी टेकून बसली पाहिजे आणि क्लबांची बाजू किंचित वर हवी. तोंड खाली झुकलं तर वाकल्यावर क्लब घसरून बाहेर येतात, आणि बॅग ढुंगणावर आपटत असेल तर पट्टे सैल आहेत, वर ओढून घ्या. बॅग एका बाजूला कलंडत असेल तर पाण्याची बाटली आणि बॉल समोरासमोरच्या खिशांत वाटून टाका, त्याने फरक पडतो. चढवताना बॅग तिच्या पायांवर उभी असतानाच एक हात पट्ट्यात घाला, गुडघ्यात थोडं वाकून उचला, मग दुसरा हात मागे नेऊन दुसऱ्या पट्ट्यात. कंबरेतून पिळून झटका देऊन उचलायची सवय असेल तर ती आजच सोडा, सत्तर वेळा करायचंय ते. वीस पावलं जायचं असेल तर एक पट्टा चालतो, फक्त दर वेळी खांदा बदला.

आणि वजन उतरवा. नियम १४ क्लबपेक्षा जास्त नको म्हणतो, कमीत कमी किती ते म्हणतच नाही. मी संध्याकाळी ९ होलला जातो तेव्हा सातच नेतो: ड्रायव्हर, एक हायब्रिड, ६ आणि ८ नंबरची आयर्न, पिचिंग वेज, सँड वेज, पटर. बॉल सहा. छोटी पातळ बॅग. सगळं मिळून पाच-सहा किलो होतं आणि मग खरंच कार्टची आठवणसुद्धा येत नाही, शिवाय दोन क्लबांच्या मधलं अंतर आलं की अर्धा स्विंग शिकावाच लागतो.

आता कार्ट. पहिली गोष्ट, ओढायची जुनी दोन चाकांची ट्रॉली आणि ढकलायची तीन किंवा चार चाकांची कार्ट या दोन वेगळ्या वस्तू आहेत. ओढताना एक हात सतत मागे राहतो आणि खांदा पिळला जातो, शिवाय उभी केल्यावर ती स्वतःच्या चाकांवर तोलून नसते. सन माउंटन कंपनीची तीन चाकांची स्पीड कार्ट १९९९ मध्ये आली आणि मग ढकलायची पद्धतच रुळली. सपाट गवतावर ती दोन बोटांनी चालते. चढावर मात्र हिशोब बदलतो, कार्ट सहा-आठ किलोची आणि बॅग बारा-तेरा, म्हणजे वीस किलो झाले, दहा मीटरला एक मीटर चढ असेल तर नुसत्या चढासाठीच दोन किलोचा जोर सतत लावायचा. जमतं, पण सरळ वर घुसू नका, तिरकं तिरकं चढा.

घेताना मी चारच गोष्टी बघतो. दुमडल्यावर तुमच्या गाडीच्या डिकीत बॅगसकट बसते का (हे मोजून जा, अंदाजाने नको), ब्रेक हातापाशी आहे का, हँडलची उंची बदलते का, आणि तुमची स्वतःची बॅग तिच्यावर घट्ट बसते का. शेवटचं सगळे विसरतात. स्टँड बॅग असेल तर खालच्या बाजूने दाब आला की तिचे पाय फटकन उघडतात, म्हणून पाय बांधायचा पट्टा बॅगला असतो तो लावा, आणि वरच्या पट्ट्याने बॅग आवळा नाहीतर चौथ्या होलपर्यंत ती फिरून खिसे खाली गेलेले असतात. चाकं हवेची नको, भरीव फोमची घ्या, पंक्चरची कटकट नको. कप होल्डर, छत्रीचा दांडा वगैरे असलं तर बरं, नसलं तरी काही अडत नाही.

ढकलताना हँडल बेंबीच्या आसपास, कोपर थोडे वाकलेले, जोर पायातून. मनगटाने ढकललंत तर पट मारताना मनगट बोलतं. कार्ट सारखी एका बाजूला जात असेल तर पुढच्या चाकापाशी ट्रॅकिंगचा स्क्रू किंवा नॉब बहुतेक कार्टना असतो, सपाट जागेवर सोडून बघत बघत थोडा थोडा फिरवा. उतारावर ती तुम्हाला ओढते, तेव्हा शेजारून चाला नाहीतर हातब्रेक हलका दाबत न्या.

आणि ब्रेक. ब्रेक, ब्रेक, ब्रेक. मी एकदा टीपाशी, म्हणजे होलची सुरुवात होते तिथे, कार्ट उभी केली, उताराच्या दिशेने तोंड करून, ब्रेक लावलाय असं गृहीत धरून. ड्राइव्ह मारला, चांगला बसला म्हणून दोन सेकंद पोज देऊन उभा राहिलो, मागून पार्टनर ओरडतोय तर मला वाटलं कौतुक करतोय. वळून बघतो तर कार्ट तळ्याच्या दिशेने आरामात निघालेली. गुडघाभर पाण्यात उतरून बॅग काढली, फोन खिशात म्हणजे बॅगच्याच खिशात होता, तो गेला. तेव्हापासून कार्ट नेहमी उताराला आडवी लावतो, म्हणजे ब्रेक विसरला तरी चाकं गडगडायला जागाच नाही.

कार्ट कुठे न्यायची नाही हे गोल्फ क्लबच्या पाट्यांवर असतं, पण पाटी नसली तरी ग्रीनवर, टीच्या कापलेल्या भागावर आणि ग्रीन आणि बंकर (वाळूचा खड्डा) यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात कार्ट घालायची नाही. ग्रीनजवळ पोचलात की कार्ट पुढच्या टीच्या बाजूला नेऊन लावा आणि मगच चिपला या, हातात वेज आणि पटर दोन्ही घेऊन. यानेच बराच वेळ वाचतो. ग्रीनच्या अलीकडेच लावली तर पट झाल्यावर मागे चालत यावं लागतं आणि मागचा ग्रुप कमरेवर हात ठेवून बघत असतो. खांद्यावाल्यांना इथे सूट आहे, ते बंकरच्या शेजारून सुळकन जातात, मान्य आहे.

नियमांचं थोडं. कार्ट हे तुमचं इक्विपमेंट धरलं जातं. तुमचा मारलेला बॉल चुकून तुमच्याच कार्टला लागला तर २०१९ पासून पेनल्टी नाही, जिथे थांबेल तिथून खेळा, आधी एक शॉट जायचा. पण थांबलेल्या बॉलला कार्टचं चाक लागून तो हलला तर एक शॉट पेनल्टी आणि बॉल परत जागेवर. शोधताना चुकून हलला तर पेनल्टी नाही, परत ठेवायचा तो आहेच. म्हणून रफमध्ये (कडेच्या वाढलेल्या गवतात) बॉल कुठे आहे ते एकदा दिसलं की कार्ट चार पावलं लांबच ठेवा.

पाऊस होऊन मैदान ओलं असेल तर कित्येक क्लब त्या दिवशी चाकं बंद करतात, फक्त उचलायची परवानगी. म्हणून कार्ट घेतली तरी बॅग हलकी स्टँड बॅगच ठेवा, मोठी कार्ट बॅग घेतलीत तर अशा दिवशी घरी बसावं लागेल. इलेक्ट्रिक ट्रॉलीबद्दल विचाराल तर चढउताराचं मैदान असेल आणि पाठ किंवा गुडघा कुरकुरत असेल तर चांगलीच, पण बॅटरी १३व्या होलला मेली की ते धूड ढकलणं म्हणजे शिक्षा, त्यामुळे आदल्या रात्री चार्जिंगला लावलीये का ते झोपायच्या आधी बघा.

अजून ठरत नसेल तर लगेच विकत घेऊ नका, कोणाची तरी मागा किंवा क्लबमध्ये भाड्याने असेल तर ती घ्या, एकाच मैदानावर दोन राउंड उचलून आणि दोन कार्टने खेळा, आणि फक्त शेवटच्या चार होलचा स्कोअर वेगळा लिहून ठेवा. माझे त्या चारमध्ये दर वेळी दोन-तीन शॉट कमी होत होते. तुमचे होत नसतील तर तुमची पाठ माझ्यापेक्षा चांगली आहे, उचला बिनधास्त, फक्त ते तीन कडक ग्लोव्ह तेवढे काढून टाका.