फ्यूचर सिटीचे मेंटॉर होताना

अमेरिकेत मूल मिडल स्कूलला (साधारण सहावी ते आठवी) आणि तुम्ही इंजिनिअर, म्हणजे कधी ना कधी शाळेतून विचारणा होतेच: फ्यूचर सिटी स्पर्धेच्या टीमला मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक, व्हाल का? हो म्हणून टाका. ‘शहररचना माझा विषय नाही’ ही सबब पुरेशी नाही. मी सांडपाण्याच्या लाइन्स डिझाइन करतो, आणि टीमला सगळ्यात जास्त कामाला तेच आलं.

ही स्पर्धा 1990च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू आहे. किमान 100 वर्षांनंतरचं शहर कल्पायचं, त्यावर निबंध लिहायचा, टाकाऊ वस्तूंचं मॉडेल करायचं आणि ते परीक्षकांपुढे मांडायचं. विषय दर वर्षी नवा; 2020-21 ला चंद्रावरची वस्ती होती, 2024-25 ला तरंगतं शहर. खर्च 100 डॉलरच्या आत.

पहिल्या बैठकीत उडत्या गाड्या आणि रोबो येणारच. येऊ द्यात. मग सहज विचारा, “फ्लश केल्यावर पाणी जातं कुठे?” तिथून पुढचा तासभर तुम्हाला फारसं बोलावं लागत नाही.

खरी गंमत स्केलमध्ये. एकाने घरून खेळण्यातली मोटार आणली, तीन इंचांची. आमचं स्केल एक इंचाला 50 फूट. “किती झाली रे?” म्हटलं. दीडशे फूट! शेजारची मुलगी ओरडली, “म्हणजे आपल्या शाळेपेक्षा लांब!” मग दोघं उलटं गणित करत बसले: 15 फुटांची मोटार म्हणजे 0.3 इंच, जवळपास बासमतीचा दाणा. पुढच्या वेळी रंगवलेले तांदूळ घेऊनच आले आणि चिमट्याने रस्त्यावर चिकटवले.

ग्लू गनला मात्र मेंटॉरने हात लावायचा नाही, आणि आपल्या देशी आईबाबांनी तर मुळीच नाही. मोठ्यांनी केलेलं मॉडेल देखणं दिसतं खरं, पण परीक्षकांनी “पंप इथेच का?” विचारलं की मुलं एकमेकांची तोंडं बघतात.

प्रादेशिक फेऱ्या साधारण जानेवारीत असतात, अंतिम फेरी फेब्रुवारीत. त्यामुळे शाळा सुरू होताच सायन्स टीचरना गाठा. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगनंतर जाग आली, तर निबंध आणि मॉडेल एकदमच अंगावर येतात.