एम३ च्या इंजिनातून अचानक मोठा आवाज आल्यास

बीएमडब्ल्यूच्या ई९२ पिढीच्या एम३ या स्पोर्ट्स गाडीतील चार लिटरचे, आठ सिलिंडरचे एस६५ व्ही८ इंजिन मिनिटाला ८४०० फेऱ्यांपर्यंत फिरते; इतक्या वेगात लहान बिघाडही चटकन वाढू शकतो. त्यामुळे आवाज येताच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि 'जरा पुढे जाऊन पाहू' हा मोह कटाक्षाने टाळावा. या इंजिनाला ऑइल मोजण्याची पट्टी नसल्याने पातळी डॅशबोर्डवरच पाहावी लागते. ऑइल प्रेशरचा इशारा दिसला असेल, तर इंजिन पुन्हा सुरूच करू नये.

इशारा नसेल, तर उभ्या गाडीतच इंजिन काही सेकंद चालवून आवाजाची लय ऐकावी. थंड इंजिनात येणारी आणि तापल्यावर विरणारी टिकटिक बहुधा एक्झॉस्टच्या गळतीची असते. व्हॉल्व्हचा आवाज क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) निम्म्या गतीने येतो. इंजिनाच्या थोड्या वेगावर खालून येणारी जड, खोल ठोक मात्र कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगकडे बोट दाखवते, आणि या इंजिनात तेच सर्वांत नाजूक मानले जाते. अनुभवी मेकॅनिक एकेका सिलिंडरच्या इंजेक्टरचा (इंधन फवारणाऱ्या भागाचा) विजेचा प्लग काढून पाहतो. ठोक मंदावली, तर दोष त्याच सिलिंडरचा असण्याची शक्यता मोठी.

माझ्या मते सर्वांत विश्वासार्ह पुरावा ऑइल फिल्टर देतो. त्याच्या कागदी घड्या उलगडून उजेडात पाहाव्यात. लोहचुंबकाला न चिकटणारे चंदेरी किंवा तांबूस कण दिसले, तर ऑइल पॅन (इंजिनाखालचे तेलाचे भांडे) उतरवून बेअरिंग तपासल्याशिवाय गाडी चालवू नये आणि ती गॅरेजपर्यंतही फ्लॅटबेडवरूनच (सपाट पाठीच्या ट्रकवरूनच) न्यावी.